गावाचा खरा आकडा कसा काढावा: घरांच्या पाहणीपासून खाजनातल्या प्रयोगापर्यंत

ग्रामसभेत पाण्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येते: "सगळ्यांच्या विहिरी खारट झाल्या." शेतकरी एकत्र बसले की दुसरे: "खाजनात कोरगुटच बरे." (खाजन म्हणजे गोव्यातली खाडीकाठची, बांध घालून राखलेली खारी शेतजमीन, कोरगुट हा तिथला भाताचा वाण.) दोन्ही वाक्ये अनुभवातून आलेली असतात आणि कदाचित खरीही असतील. पण नळाचे पाणी आधी कुठल्या वाड्यावर न्यायचे, नव्या बियाण्यावर पैसे घालायचे की नाही, हे ठरवायची वेळ आली की 'सगळ्यांच्या' म्हणजे किती घरांच्या आणि 'बरे' म्हणजे किती किलोने, हे विचारावेच लागते.

पहिल्या प्रश्नाला पाहणी लागते, दुसऱ्याला प्रयोग. पाहणीत जे आहे ते मोजायचे, प्रयोगात आपण होऊन काही बदलायचे आणि काय होते ते बघायचे. दोन्हींत एक गोष्ट समान आहे आणि सगळा लेख तिच्याभोवती आहे: कुठले घर घ्यायचे, शेताच्या कुठल्या तुकड्यात काय लावायचे, हे आपल्या सोयीवर किंवा मर्जीवर सोडायचे नाही, चिठ्ठीवर सोडायचे. निवड चुकली तर आकडा कितीही मोठा केला तरी ती चूक भरून निघत नाही. गणित बारावीपर्यंतचे पुरते. खरा कस लागतो तो शिस्तीचा.

प्रश्न एका ओळीत बसवा

"गावातल्या पाण्याचा अभ्यास" हा प्रश्न नव्हे. "मे महिन्यात गावातल्या किती घरांच्या विहिरीतले विरघळलेले क्षार लिटरमागे 500 मिलिग्रॅमच्या वर जातात?" हा प्रश्न आहे. यात काळ आहे, एकक आहे आणि मर्यादा आहे. 500 ही पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातली स्वीकारार्ह मर्यादा, पाण्याचा दुसरा स्रोतच नसेल तर तेच मानक 2000 पर्यंत चालवून घेते. यातली कुठली मर्यादा धरणार, हे मोजायला निघण्याआधी वहीत लिहून ठेवा. आकडे हाती आल्यावर मर्यादा ठरवली की ती आपल्याला हव्या त्या बाजूला सरकते.

एककाचाही नीट विचार करा. आपण घरे मोजतोय की विहिरी? तीन भावांची तीन घरे आणि मधल्या अंगणात एकच विहीर, असे आपल्याकडे सर्रास असते. घरांच्या यादीतून निवड केली तर त्या विहिरीला तिप्पट संधी मिळते. "किती घरांना खारट पाणी प्यावे लागते" हे विचारायचे असेल तर त्यात काही बिघडत नाही. "किती विहिरी खारट" हे विचारायचे असेल तर यादी विहिरींचीच करावी लागेल.

यादी करण्यात कंजुषी नको

पंचायतीत घरपट्टीची नोंदवही असते. सुरुवात तिथून करा, पण शेवट तिथे करू नका. एकाच घर क्रमांकावर मागच्या अंगाला भाड्याच्या तीन खोल्या आणि तीन बिऱ्हाडे असतात. काही घरे पडून गेलेली असतात, तरी क्रमांक कायम. नव्या इमारतीतले फ्लॅट अजून नोंदलेले नसतात. दोघांनी मिळून वाड्यावाड्यातून फिरायचे आणि नोंदवही प्रत्यक्षाशी ताडून घ्यायची. एक गावातला माणूस असावा, दुसरा शक्यतो बाहेरचा. गावातल्याला वाटा माहीत असतात. बाहेरचा मात्र "तिकडे कोणी राहत नाही" यावर विश्वास न ठेवता तिकडे जाऊन बघतो.

जे घर यादीत नाही, ते नमुन्यात येऊच शकत नाही. मतदारयादी वापरली तर भाडेकरू आणि परराज्यातून आलेले कामगार गळतात. व्हॉट्सअॅप ग्रुपवर गूगल फॉर्म टाकला तर ग्रुपवर नसलेले सगळेच गळतात, आणि ग्रुपवरच्यांतही ज्यांची विहीर खारट आहे तेच आधी उत्तर देतात. अशी 800 उत्तरे समोर ठेवली तरी मी त्यांच्यापेक्षा चिठ्ठीने निवडलेल्या 80 घरांवर विश्वास ठेवीन.

चिठ्ठी कशी टाकावी

"दिसेल ते घर घेतले" म्हणजे रँडम नव्हे. दिसणारे घर रस्त्यालगतचे असते, कुत्रा नसलेले असते, माणसे ओसरीवर बसलेली असतात. यादृच्छिक निवडीत यादीतल्या प्रत्येक घराला ठरावीक, आधीच माहीत असलेली संधी मिळाली पाहिजे.

कागदाच्या चिठ्ठ्या करणार असाल तर सगळ्या एका मापाच्या करा आणि खरोखर ढवळा. अमेरिकेत 1 डिसेंबर 1969 रोजी सैन्यभरतीसाठी जन्मतारखांची सोडत काढली, तेव्हा कुप्या महिन्यामहिन्याने टाकल्या होत्या आणि पुरत्या मिसळल्या नव्हत्या. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्यांना आधी बोलावणे येणारे क्रमांक जास्त मिळाले. सोडत सगळ्या देशासमोर काढली होती, तरीही हे घडले.

संगणक हाताशी असेल तर सोपे आहे. एक्सेलमध्ये एका रकान्यात घर क्रमांक, शेजारच्या रकान्यात रँड हे यादृच्छिक आकडा देणारे फंक्शन. मग तो रकाना कॉपी करून 'व्हॅल्यू' म्हणून तिथेच चिकटवा, नाहीतर प्रत्येक क्लिकला आकडे बदलत राहतात. आता त्या रकान्यानुसार क्रम लावा आणि वरून हवी तेवढी घरे घ्या. ही फाइल जपून ठेवा. उद्या कोणी "आमचे घर का नाही घेतले" विचारले तर दाखवायला तीच असते.

किती घरे घ्यावीत

95 टक्के भरवशाने पाच टक्के इकडेतिकडे चालणार असेल तर साधारण 384 घरे, दहा टक्के चालणार असतील तर 96, तीनच टक्के हवे असतील तर 1067. हे आकडे साध्या यादृच्छिक निवडीचे आणि टक्केवारी 50 च्या आसपास असेल असे धरून, म्हणजे सगळ्यात कठीण परिस्थितीचे. अचूकता दुप्पट हवी तर घरे चौपट लागतात, हा हिशेब मनात पक्का असू द्या.

पुष्कळांना हे पटत नाही, पण समष्टी (ज्यांच्याबद्दल सांगायचे ती सगळी घरे किंवा माणसे) किती मोठी आहे यावर हा आकडा फारसा अवलंबून नसतो. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या 14,58,545 होती. त्या सगळ्यांसाठीही 384 च. गाव लहान असेल तर मात्र सूट मिळते. 600 घरांच्या गावात दहा टक्क्यांसाठी 96 भागिले (1 + 95/600), म्हणजे सुमारे 83 घरे पुरतात.

वाड्यांचे थर करा

नदीकाठचा वाडा आणि डोंगराकडचा वाडा यांचे पाणी सारखे नसणार, हे मोजण्याआधीच ठाऊक आहे. मग ते ज्ञान वापरावे. समजा, विहीर असलेली 600 घरे आहेत: 90 नदीकाठी, 510 वरच्या अंगाला. सगळ्यांतून एकदम 81 निवडली तर नदीकाठची बारा-तेराच येतील आणि तिथल्याबद्दल धड काही सांगता येणार नाही. म्हणून दोन वेगळ्या याद्या करून नदीकाठची 30 आणि वरची 51 घरे निवडू. याला स्तरित नमुना म्हणतात.

आता एक सापळा. समजा नदीकाठच्या 30 पैकी 18 विहिरी खारट निघाल्या, वरच्या 51 पैकी 5. सरळ बेरीज केली तर 81 पैकी 23, म्हणजे 28 टक्के. हा आकडा चुकीचा आहे, कारण नदीकाठची घरे आपण मुद्दाम जास्त घेतली. नदीकाठचे प्रत्येक निवडलेले घर 3 घरांच्या वतीने बोलते (90 भागिले 30), वरचे प्रत्येक घर 10 घरांच्या वतीने. म्हणून 18 गुणिले 3 अधिक 5 गुणिले 10, एकूण 104. 600 पैकी 104 म्हणजे 17 टक्के. भार न लावता छापलेला आकडा गावाला दीडपट खारट करून सोडतो.

सगळ्या घरांची यादी करणे शक्य नसेल तर काही वाडे चिठ्ठीने निवडून त्यांतली ठरावीक घरे घेता येतात. फिरणे वाचते, पण एका वाड्यातली घरे एकमेकांसारखी असल्याने माहिती कमी मिळते. वाड्यागणिक 20 घरे घेतली आणि त्यांच्यातले साम्य (0 म्हणजे मुळीच नाही, 1 म्हणजे तंतोतंत) अगदी 0.1 इतकेच असले, तरी 200 घरांची किंमत सुमारे 69 घरांएवढी होते. कळंगुटच्या किनाऱ्यावरच्या पर्यटकांसारखी यादीच नसलेली समष्टी असेल तर वेळा आणि उतरण्याच्या वाटा चिठ्ठीने ठरवाव्यात आणि तिथून जाणारा प्रत्येक पंधरावा माणूस घ्यावा. पहिला कितवा, हेही चिठ्ठीनेच.

बंद दाराचे काय करायचे

गोव्यातल्या पाहणीत सगळ्यात जास्त आकडे इथे बिघडतात. निवडलेल्या घराला कुलूप असते. मालक पोर्तुगालला, इंग्लंडला किंवा आखातात असतो, नाहीतर नुसताच कामाला गेलेला असतो. पाहणी करणारा शेजारचे घर घेतो आणि वहीत टिकमार्क करतो. असे करू नका. शेजारी दिवसा घरी असतो, म्हणजेच तो वेगळ्या प्रकारचा माणूस आहे. तीन वेगवेगळ्या वेळी जा, त्यात एक रविवार धरा. चावी कोणाकडे असते ते विचारा, परड्यातल्या विहिरीचे पाणी घेण्यापुरती परवानगी फोनवरूनही मिळते.

तरीही जमले नाही तर ते घर 'मिळाले नाही' म्हणून नोंदवा आणि अहवालात ती संख्या द्या. मग हिशेब दोनदा करा: एकदा सगळी बंद घरे खारट धरून, एकदा सगळी गोडी धरून. दोन उत्तरांतले अंतर बघितले की बंद घरांनी आपला निष्कर्ष हलतो की नाही, ते कळते. न उपसलेल्या विहिरीचे पाणी वेगळे असू शकते, म्हणून ती विहीर वापरात आहे का, हा रकाना तक्त्यात हवाच.

मोजताना

सोमवारी नदीकाठ, मंगळवारी डोंगर असे करू नका. नदीकाठच्या विहिरींवर भरतीओहोटीचा परिणाम होऊ शकतो. एक वाडा भरतीला आणि दुसरा ओहोटीला मोजला गेला तर फरक वाड्याचा की वेळेचा, हे नंतर कोणीच सांगू शकत नाही. कुठल्या दिवशी कुठले घर, हाही क्रम चिठ्ठीने लावा आणि प्रत्येक नोंदीपुढे वेळ लिहा. क्षार मोजायचा मीटर रोज सकाळी प्रमाणित द्रावणात तपासा.

आणि प्रत्येक वाचन जसेच्या तसे लिहा, सरासरी घरी गेल्यावर काढा. दामोदर धर्मानंद कोसंबी, गोव्यातल्या कोसबे गावी 1907 साली जन्मलेले गणिती, यांनी जुन्या आहत नाण्यांचा अभ्यास करताना हजारो नाणी एकेक करून तोलली. चलनात फिरून नाणे झिजते, त्यामुळे सरासरी वजन घटते. त्याचबरोबर नाण्यानाण्यांतला फरक वाढत जातो, कारण सगळी सारखी झिजत नाहीत. म्हणून नाणी किती काळ चलनात होती याचा अंदाज सरासरीइतकाच त्या पसाऱ्यातूनही येतो. विहिरींचेही तेच. सरासरी 450 असलेल्या दोन वाड्यांत एकीकडे सगळ्या विहिरी 450 च्या आसपास असतील आणि दुसरीकडे निम्म्या 150, निम्म्या 750.

आता प्रयोग: आधी आठ वाट्या

मातीच्या भांड्यातले हुमण (माशांची आमटी) आपण चवीने ओळखतो, असे कोणी म्हणाले तर तपासायचे कसे? तेच मासे, तेच वाटण, एक भाग मातीच्या भांड्यात, एक स्टीलच्या. आठ सारख्या वाट्या, चारांत हे आणि चारांत ते. क्रम चिठ्ठीने, आणि वाढणाऱ्यालाही कुठली वाटी कुठली ते ठाऊक नसावे. चाखणाऱ्याने मातीच्या चार ओळखायच्या. आठातून चार निवडण्याचे 70 प्रकार आहेत, म्हणून नुसत्या अंदाजाने चारही बरोबर येण्याची शक्यता 70 त 1. तीन बरोबर आणि एक चूक झाली तर? अंदाजाने निदान तीन बरोबर येण्याचे 70 पैकी 17 प्रकार, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. त्यावरून काही ठरवता येत नाही. इंग्रज संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी हाच विचार चहाच्या आठ कपांवर मांडला होता. क्रम चिठ्ठीने लावला म्हणून तर 70 चा हिशेब लागू पडतो, वाढणाऱ्याने मनाने लावला असता तर नसता.

खाजनातला प्रयोग

फिशर 1919 साली इंग्लंडमधल्या रोदमस्टेड शेती संशोधन केंद्रात आले, आणि तिथल्या शेतांवर आज वापरात असलेले तीन नियम घडले: चिठ्ठी, पुनरावृत्ती आणि गट. खाजनात हे तिन्ही का लागतात ते डोळ्यांना दिसते.

खाजन एकसारखे नसते. बांधालगत, मानशीच्या (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराच्या) तोंडाशी खारेपणा जास्त, आत जावे तसा साधारणपणे कमी. समजा चार वाण तोलायचे आहेत: कोरगुट, कोरगुटातूनच निवडलेले गोवा धान 1 आणि गोवा धान 2, आणि ज्योती. बांधाकडे कोरगुट आणि आतल्या बाजूला ज्योती लावली, ज्योतीचे भात जास्त आले, तर ते वाणाचे यश की जागेचे? उत्तर नाही. म्हणून बांधाला समांतर पाच पट्टे आखा. प्रत्येक पट्टा हा एक गट. प्रत्येक गटाचे चार तुकडे करा आणि चारही वाण त्यात एकेकदा लावा. कुठल्या तुकड्यात कुठला, हे प्रत्येक गटासाठी वेगळी चिठ्ठी टाकून ठरवा. एकदा टाकलेली चिठ्ठी पाचही गटांना लावू नका, नाहीतर एकच वाण पाचही वेळा पाटाकडेला येईल. असे 20 तुकडे होतात.

पाचच गट का? नुसत्या योगायोगाने किती फरक पडतो हे मोजायलाही आकडे लागतात. चार वाण आणि पाच गट घेतले तर त्यासाठी (4 − 1) गुणिले (5 − 1), म्हणजे 12 स्वातंत्र्यांश (योगायोग मोजायला मोकळे उरलेले आकडे) उरतात. बाराच्या खाली जाऊ नये असा शेती संख्याशास्त्रात रिवाज आहे. एकाच मोठ्या तुकड्यातून पाच ठिकाणची कणसे कापली तर त्या पाच पुनरावृत्त्या होत नाहीत. तो तुकडा एकदाच पेरलेला आहे. ही चूक विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत मला फार दिसते आणि ती कापणीनंतर दुरुस्त करता येत नाही.

तुकडा 7 मीटर बाय 7 मीटरचा ठेवा आणि कापणी मधल्या 5 बाय 5 ची करा. मेरेलगतच्या (तुकड्यांमधल्या लहान बांधालगतच्या) ओळींना ऊन-वारा जास्त मिळतो आणि शेजारच्या वाणाचीही झळ लागते. 5 बाय 5 च्या मापामागे इतिहास आहे. 1940 च्या दशकात पीक कापणीच्या पद्धतीवरून प्रशांतचंद्र महालनोबिस आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे या संख्याशास्त्रज्ञांत मोठा वाद झाला होता. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावच्या सुखात्म्यांनी दाखवले, की फार लहान तुकडा कापला तर उत्पन्न फुगून दिसते, कारण दोरीवर आलेला चुडा (एका जागी लावलेल्या रोपांचा झुबका) आत धरायचा की बाहेर, या शंकेत माणूस तो आत धरतो. तुकडा मोठा झाला की कडेचा वाटा घटतो. तुम्हीही आधी नियम करा: चुडाचे बूड दोरीच्या आत असेल तरच आत. भात वाळवून, ओलावा 14 टक्क्यांवर आणून मग तोला.

आकडे आल्यावर

पहिल्यांदा गटागटाने फरक काढा. समजा 25 चौरस मीटरमागे गोवा धान 1 चे भात वजा ज्योतीचे भात हा फरक, बांधाकडून आत येताना, किलोत असा आला: 2.1, 1.6, 0.9, 0.4 आणि −0.2. सरासरी 0.96, म्हणजे हेक्टरी सुमारे 384 किलो. ऐकायला छान वाटते. पण पाच फरकांचा पसारा धरला तर 95 टक्के भरवशाचा पल्ला −0.18 पासून 2.10 पर्यंत जातो. शून्य त्याच्या आत आहे, म्हणून "गोवा धान 1 सरस" असे या एका हंगामावर म्हणता येत नाही.

आकडे पुन्हा बघा, ते ओळीने उतरत आहेत. बांधाजवळ दोन किलोंचा फरक, आत काहीच नाही. म्हणजे "कुठला वाण चांगला" हा प्रश्नच कदाचित अपुरा होता, "कुठे कुठला" असा तो असायला हवा. ही जागा आणि वाण यांची आंतरक्रिया. मात्र आकडे पाहून सुचलेली गोष्ट त्याच आकड्यांनी सिद्ध होत नाही. पुढच्या सरदाच्या, म्हणजे पावसाळी हंगामात प्रत्येक तुकड्यातल्या मातीची विद्युतवाहकता (तिच्यावरून खारेपणा कळतो) लावणीआधी मोजा, ती कशी वापरणार ते वहीत आधीच लिहा, आणि नव्या चिठ्ठ्या टाकून तेच चार वाण पुन्हा लावा.

अहवाल लिहिताना कुणाला निवडले याबरोबर कसे निवडले तेही लिहा: यादी कुठून आणली, किती घरे बंद होती, कुठले तुकडे पाण्याखाली गेले आणि मोजणीतून का वगळले. शेताचा नकाशा दोन प्रतींत काढा, एक शेतकऱ्याकडे राहू द्या. मृगात मेरा पुन्हा बांधल्या की खुंट्या उपटल्या जातात आणि कुठला तुकडा कुठला होता, हे मग त्या कागदावरूनच समजते.